घरगुती किती, धंद्याचं किती

कर्ज एकच. चाळीस हजार डॉलर,
यॉर्कटनच्या पतपेढीने घर तारण ठेवून दिलेलं.
"घर तारण आहे म्हणून व्याज घरगुती होत नाही,"
डेल फ्रीसन पेन्सिलीला टोक काढता काढता सांगतो,
"आणि दुकानाच्या नावाने सही केली
म्हणून धंद्याचंही होत नाही.
पैसा कुठे गेला, तेवढंच विचारतात.
त्याच्या मागोमाग जायचं."

जाऊ या.
मला सवय आहे. सोफा दुरुस्तीला आला
की आधी तो उसवावा लागतो:
वरचं मखमल, खालचं गोणपाट, त्याच्याखाली
कुणीतरी कधीकाळी ठासलेले घोड्याचे केस,
आणि फटीत हमखास नाणी.
नाणी मी बरणीत टाकते.
ती उत्पन्नात धरायची का,
फ्रीसनला अजून विचारलेलं नाही.

चार हजार, जाड कापडाचं शिलाई मशीन.
"पूर्ण धंद्याचं," तो लिहितो.
त्याच मशीनवर ओस्टॅपची पँट
मी कमरेत दोनदा आत घेतली, हिवाळ्याआधी एकदा
आणि मग जानेवारीत.
हे सांगत नाही.

नऊ हजार, छप्पर.
"दुकान गॅरेजमध्ये ना? गॅरेजचं छप्पर वेगळं."
गेले नऊ हजार.

सात हजार, रेजायनातलं मोटेल, पार्किंग,
विम्यात न बसलेल्या गोळ्या.
"गोळ्यांना दुसरा फॉर्म आहे. इथे शून्य."
तो शून्य फार हळू काढतो.
भला माणूस आहे.

उरले वीस हजार. व्हॅन.
व्हॅनच्या व्याजाचे तुकडे किलोमीटरने पडतात.
मी वही पुढे सरकवते.
अक्षर ओस्टॅपचं, सात आकड्याला आडवी रेघ मारणारं,
तारीख, मीटर, कुठून कुठे,
आणि शेवटच्या रकान्यात: खुर्ची.
खुर्ची. स्टूल. खुर्ची. बाकाची गादी.
तीस वेळा रेजायना, त्यातल्या एकोणीस वेळा
मागे काही ना काही लादलेलं.

हट्ट त्याचाच. इस्पितळात निघताना म्हणायचा,
"रिकामी गाडी नको नेऊ, हान्या.
वाटेत कुणाचं तरी पोचवू,
म्हणजे पेट्रोल धंद्यात बसेल."
उचलायची ताकद नव्हती तरी
एका पायाला हात लावून चालायचा,
आणि पुढच्या सीटवर धापा टाकत हसायचा:
"मलाही लिही. मीसुद्धा दुरुस्तीचाच माल."

फ्रीसन चष्मा काढतो.
"निघालात कशासाठी, ते महत्त्वाचं.
इस्पितळासाठी निघालात,
खुर्ची जाता जाता. हे बसत नाही."
मी भांडत नाही. एकोणीस ओळींवर
तो एकेक फिकट रेघ ओढतो.
खुर्च्या खुर्च्यांसारख्याच दिसत राहतात.

मग शेवटच्या ओळीशी थांबतो.
इथे अक्षर माझं.
अकरा मार्च. जाताना दोघं.
येताना मी, आणि मागे पट्ट्याने बांधलेली
हिरवी पंखांची खुर्ची,
त्या दिवशी सकाळी पोचवायची राहिलेली.
"हीसुद्धा तशीच ना?" तो विचारतो.

नाही, मी म्हणते.
जाताना घरगुती. लिहा.
येताना मात्र
त्या खुर्चीशिवाय मला परतायला कारण नव्हतं.
पार्किंगमध्ये किती वेळ बसले होते माहीत नाही.
मग आरशात ती दिसली,
आणि मेलव्हिलला कुणीतरी वाट बघत होतं,
पाचपर्यंत येते म्हटलं होतं.

बाहेर गटारातून बर्फाचं पाणी वाहतंय.
फ्रीसन बराच वेळ पेन्सिल फिरवत राहतो.
"गिऱ्हाइकाचं नाव?"
मिसेस बोल्यू.
"पावती?"
आहे. एकशे ऐंशी डॉलर, रोख.
चहा घ्या म्हणाली होती, घेतला नाही.

चहाचं तो लिहीत नाही.
एकशे नव्वद किलोमीटर, लिहितो,
धंद्याच्या रकान्यात,
आणि खोडरबर
टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवतो.